मायक्रोसॉफ्ट-ॲक्टिव्हिजन: मंजुरी कोणी दिली, कोणी अडवली आणि कशावरून (चर्चेचा धागा; प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

तळटीप

"ब्रिटनने आधी नकार दिला, मग मायक्रोसॉफ्टने डोळे वटारल्यावर मुकाट सही केली" असा समज गेमिंगच्या बऱ्याच धाग्यांवर पक्का बसलेला दिसतो. तो चुकीचा आहे. तो दुरुस्त होत नाही तोवर पुढच्या प्रत्येक मोठ्या खरेदीवरची चर्चा अशीच भरकटणार, म्हणून हा धागा.

आधी व्यवहार. 18 जानेवारी 2022 ला मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड घेण्याची घोषणा केली. शेअरला 95 डॉलर, सगळे रोख. ॲक्टिव्हिजनकडची रोकड वजा जाता किंमत 68.7 अब्ज डॉलर. घोषणेआधीचा बंद भाव 65.39 डॉलर होता, म्हणजे 45 टक्के चढा दर. बदल्यात कॉल ऑफ ड्यूटी, वॉरक्राफ्ट, डायब्लो, ओव्हरवॉच हे गेम आणि मोबाइलवर कँडी क्रश चालवणारी किंग ही कंपनी. ॲक्टिव्हिजनच्या भागधारकांनी 28 एप्रिल 2022 ला 98 टक्क्यांहून जास्त मतांनी होकार दिला आणि त्यांचं काम तिथे संपलं.

उरले नियामक. सौदी अरेबियाने ऑगस्ट 2022 मध्येच परवानगी दिली, ब्राझीलने ऑक्टोबरमध्ये एकही अट न घालता. पुढे चिली, जपान, दक्षिण आफ्रिका, चीन, दक्षिण कोरिया. बातम्यांत "इतक्या देशांनी मान्यता दिली" अशी मोजदाद चालायची. तिचा उपयोग शून्य. पन्नास देश हो म्हणाले आणि एक मोठी बाजारपेठ नाही म्हणाली तरी गाडी अडते. ही गाडी अडवू शकतील अशी ठिकाणं तीनच होती: ब्रुसेल्स, लंडन आणि वॉशिंग्टन. तिघांचे अधिकार वेगळे, घड्याळं वेगळी.

युरोपीय आयोगाला कोर्टात जावं लागत नाही. तो स्वतः अटी घालतो किंवा मनाई करतो. पहिला टप्पा 25 कामकाजाचे दिवस, दुसरा 90 आणि वाढवून 125 पर्यंत. ब्रिटनची सीएमए, म्हणजे तिथलं स्पर्धा आणि बाजार प्राधिकरण, तीसुद्धा स्वतःच आदेश काढते. पहिला टप्पा 40 कामकाजाचे दिवस, दुसरा 24 आठवडे अधिक गरज पडल्यास 8. अमेरिकेची एफटीसी (संघीय व्यापार आयोग) मात्र स्वतःच्या बळावर व्यवहार रोखू शकत नाही, तिला न्यायाधीशाकडून मनाई हुकूम मिळवावा लागतो. हा एक फरक डोक्यात ठेवला की 2023 मधला बराचसा गोंधळ सुटतो.

फ्रेमरेट

चांगला धागा. पण 2022 मध्ये सगळी बोंबाबोंब कॉल ऑफ ड्यूटी प्लेस्टेशनवरून जाणार याचीच होती. क्लाउड, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर चालणारा गेम इंटरनेटवरून खेळणं, मध्येच कुठून आलं? तेव्हा क्लाउडवर खेळणारे होते किती?

कलम सात

तुमच्या प्रश्नातच या प्रकरणाचा गाभा आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

मायक्रोसॉफ्ट आणि ॲक्टिव्हिजन एकमेकांचे थेट स्पर्धक म्हणून प्रश्न नव्हता. प्रश्न उभ्या साखळीचा होता. एकाकडे एक्सबॉक्स हा कंसोल (टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र), विंडोज, अझूर ही क्लाउड सेवा आणि गेम पास हे अनेक गेमचं सदस्यत्व, दुसऱ्याकडे माल, म्हणजे गेम. अशा वेळी नियामक दोन गोष्टी तपासतो: मालाची अडवणूक करणं नव्या मालकाला जमेल का, आणि जमलं तरी परवडेल का. दोन्ही उत्तरं "हो" आली, तर त्या अडवणुकीने बाजारातली स्पर्धा खरोखर किती मरेल हा तिसरा प्रश्न.

कंसोलच्या बाबतीत सीएमएने 8 फेब्रुवारी 2023 च्या अंतरिम निष्कर्षांत दोन्हींना हो म्हटलं होतं. गणित असं: प्लेस्टेशनवर कॉल ऑफ ड्यूटी बंद केला तर तिथल्या विक्रीचं नुकसान, पण काही खेळाडू एक्सबॉक्सकडे येतील आणि आलेलं गिऱ्हाईक पुढची काही वर्षं इतर गेम, सदस्यत्व, ॲक्सेसरीज घेत राहील. या दुसऱ्या आकड्याला गिऱ्हाइकाचं आजीवन मूल्य म्हणतात. मायक्रोसॉफ्टचा आक्षेप होता की फायदा पाच वर्षांचा धरलाय आणि तोटा एकाच वर्षाचा. ताळेबंदाच्या दोन बाजू वेगवेगळ्या मुदतीच्या असतील तर उत्तर हवं तसं येणारच.

24 मार्चला सीएमएने पुरवणी काढली आणि कंसोलची हरकत सोडून दिली. खेळाडू प्रत्यक्षात काय आणि किती विकत घेतात याच्या नव्या माहितीवर गणित पुन्हा केलं, तेव्हा अडवणूक कुठल्याही पटण्याजोग्या परिस्थितीत मोठ्या तोट्याची निघाली. जमेल, पण परवडणार नाही. वर्षभर सोनीने लावून धरलेला मुद्दा ब्रिटनमध्ये त्या दिवशी संपला.

उरलं क्लाउड. तिथे तोट्याची बाजूच जवळजवळ रिकामी असते. त्या वेळी ॲक्टिव्हिजनचे मोठे गेम कोणत्याही क्लाउड सेवेवर नव्हते. जी विक्री मुळात होतच नाही ती बंद केल्याने गमावणार काय? त्यामुळे "परवडेल का" या कसोटीला क्लाउडमध्ये लगेच हो येतं. खेळणारे थोडे म्हणून मुद्दा लहान, असं नियामक बघत नाही. बाजार कोवळा आहे आणि आत्ताच एका खेळाडूकडे 60 ते 70 टक्के वाटा आहे, याची त्याला जास्त काळजी. सीएमएने 2026 पर्यंत हा बाजार जगभरात 11 अब्ज पौंडांपर्यंत आणि ब्रिटनमध्ये 1 अब्ज पौंडांपर्यंत जाईल असा अंदाज धरला होता.

पटावरचं प्यादं

तो 60-70 टक्क्यांचा आकडा मला नेहमीच खटकतो. एक्सबॉक्सचं क्लाउड गेम पास अल्टिमेटसोबत आपोआप मिळायचं. एकदा उघडून बघितलं की झाला वापरकर्ता. त्यावरून बाजारातली ताकद कशी ठरवणार?

कलम सात

आक्षेप रास्त आहे, मायक्रोसॉफ्टचाही तोच होता. पण सीएमएने वाट्याच्या आकड्यावर एकटी इमारत उभारली नव्हती. विंडोज, अझूर आणि गेम, तिन्ही एकाच हातात असणं हा तिचा खरा युक्तिवाद. प्रतिस्पर्धी क्लाउड सेवेला विंडोजवर चालणारे गेम दाखवायचे तर विंडोजचा परवाना मायक्रोसॉफ्टकडूनच घ्यावा लागतो, ही गोष्ट वाटा 30 टक्के असता तरी बदलत नाही.

मीनल_के

पण मग युरोपने तेच पुरावे बघून परवानगी कशी दिली? 26 एप्रिलला लंडन नाही म्हणालं आणि 15 मेला ब्रुसेल्स हो म्हणालं. तीन आठवड्यांचंही अंतर नाही.

तळटीप

मीनलताई, निदान दोघांचं जवळपास सारखं होतं. मतभेद औषधावर झाला.

मायक्रोसॉफ्टने दहा वर्षांच्या परवान्यांची हमी पुढे केली. युरोपने ती अशी बांधून घेतली: युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या ज्या ग्राहकाने ॲक्टिव्हिजनचा पीसी किंवा कंसोल गेम घेतला आहे, त्याला तो त्याच्या पसंतीच्या कोणत्याही क्लाउड सेवेवर खेळायचा हक्क, फुकट. क्लाउड सेवा देणाऱ्यालाही तसाच परवाना, फुकट. आत्ताचे आणि पुढच्या दहा वर्षांत येणारे सगळे गेम त्यात. वर देखरेखीला स्वतंत्र विश्वस्त. आयोगाचा हिशेब सरळ होता: आधी हे गेम क्लाउडवर नव्हतेच, आता सगळीकडे येतील, म्हणजे परिस्थिती आधीपेक्षा बरी.

सीएमएला हेच नको होतं. तिच्या हरकती ढोबळ मानाने अशा. एक, हमी "आधी गेम विकत घ्या, मग क्लाउडवर खेळा" या एकाच पद्धतीला धरून होती. उद्या कोणी गेम पाससारखं अनेक गेमचं सदस्यत्व क्लाउडवरून विकायचं ठरवलं तर त्याला तिचा उपयोग नाही. दोन, विंडोज सोडून दुसऱ्या प्रणालीवर सेवा चालवणाऱ्याची पुरेशी सोय नव्हती. तीन, सगळ्या अटी आजच गोठवायच्या आणि पुढची दहा वर्षं सीएमएने पोलिसगिरी करायची, तीही रोज बदलणाऱ्या बाजारात. वागणुकीच्या हमीवर सीएमएचा पहिल्यापासून राग आहे. तिला मालमत्ता किंवा हक्क कायमचे दुसऱ्याच्या नावावर झालेले हवे असतात. त्यानंतर लक्ष ठेवावं लागत नाही.

अर्धा_डॉलर

शेअर बाजाराच्या बाजूने थोडी भर. 26 एप्रिलला ॲक्टिव्हिजनचा शेअर सुमारे 11 टक्के कोसळून 77 डॉलरच्या आसपास आला. अशा व्यवहारात भाव आणि ठरलेली किंमत यातली फट म्हणजे बाजाराला वाटणारी धास्ती. साधं सूत्र: (सध्याचा भाव उणे व्यवहार मोडल्यावरचा भाव) भागिले (ठरलेली किंमत उणे व्यवहार मोडल्यावरचा भाव). मोडल्यावर शेअर 65 ला जाईल धरलं तर 12 भागिले 30, म्हणजे व्यवहार होण्याची शक्यता बाजाराच्या मते 40 टक्के.

इथेच लोक फसतात. 65 हा जानेवारी 2022 चा भाव. मधल्या काळात नवा कॉल ऑफ ड्यूटी जोरात विकला गेला, जून 2023 मध्ये डायब्लो 4 यायचा होता. मोडल्यावरचा भाव 72 धरा: 5 भागिले 23, जेमतेम 22 टक्के. तळाचा आकडा सात डॉलरने हलवला की शक्यता निम्मी होते. म्हणून "बाजार 40 टक्के म्हणतोय" अशी वाक्यं वाचली की आधी विचारायचं, तळ कितीचा धरलात?

बर्कशायर हॅथवेने याच फटीवर पैसे लावले होते. एप्रिल 2022 मध्ये त्यांचा वाटा सुमारे 9.5 टक्के असल्याचं बफे यांनी वार्षिक सभेत सांगितलं.

ब्रेक फीचीही नोंद हवी. नियामकांमुळे व्यवहार मोडला तर मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजनला द्यायची रक्कम पायरीपायरीने चढत होती: पहिल्या वर्षात 2 अब्ज, 18 जानेवारी 2023 नंतर 2.5 अब्ज, 18 एप्रिल 2023 नंतर 3 अब्ज डॉलर. कराराची शेवटची तारीख 18 जुलै 2023. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे सगळं तिच्याभोवती फिरतं.

धूमकेतू

एफटीसीने डिसेंबर 2022 मध्येच केस केली होती ना? मग जून 2023 मध्ये पुन्हा कोर्टात का? बातम्यांत तेव्हा काहीच कळत नव्हतं.

कलम सात

कारण डिसेंबरची केस कोर्टातली नव्हती.

8 डिसेंबर 2022 ला एफटीसीने 3 विरुद्ध 1 मतांनी तक्रार दाखल केली, ती स्वतःच्याच प्रशासकीय न्यायाधीशासमोर. सुनावणीची तारीख 2 ऑगस्ट 2023. ही प्रक्रिया चालू असताना कंपन्यांना व्यवहार पूर्ण करायला कायद्याने बंदी नसते. बंदी हवी तर जिल्हा न्यायालयात प्राथमिक मनाई हुकूम मागावा लागतो. एफटीसीने तो सहा महिने मागितला नाही. कारण उघड आहे: लंडन आणि ब्रुसेल्सची मंजुरी नसताना कोण व्यवहार पूर्ण करणार? दुसऱ्याच्या कुंपणावर आपलं शेत राखणं चाललं होतं.

मे मध्ये ब्रुसेल्सचं कुंपण पडलं. सीएमएचा नकार बाजूला ठेवून मायक्रोसॉफ्ट 18 जुलैच्या आत व्यवहार उरकेल अशी चर्चा सुरू झाली. तेव्हा 12 जूनला एफटीसी धावत सॅन फ्रान्सिस्कोच्या जिल्हा न्यायालयात गेली. 13 तारखेला तात्पुरती मनाई मिळाली, 22 ते 29 जूनमध्ये पाच दिवस सुनावणी, आणि 10 जुलैला न्यायाधीश जॅकलीन स्कॉट कॉर्ली यांनी मनाई हुकूम नाकारला. निकाल 11 तारखेला जाहीर झाला.

निकालात पाहण्यासारखं हे. एफटीसीने बाजाराची व्याख्या "उच्च क्षमतेचे कंसोल" अशी केली होती, म्हणजे निन्टेंडो स्विच बाहेर. ती व्याख्या त्या टप्प्यापुरती चालवून घेऊनसुद्धा एफटीसी हरली. अडवणुकीचं हित सिद्ध झालं नाही. एफटीसीच्या तज्ज्ञाचं गणित गृहीतकांवर उभं होतं आणि गृहीतकांना पुरावा नव्हता. उलट बाजूला सहीचे करार होते: निन्टेंडोशी दहा वर्षांचा, एन्व्हिडियाशी दहा वर्षांचा, बूस्टरॉइड आणि युबिटससारख्या क्लाउड सेवांशी आणखी. व्यवहारामुळे कॉल ऑफ ड्यूटी कमी ठिकाणी जाण्याऐवजी जास्त ठिकाणी जातोय, असं न्यायाधीशांना दिसलं.

14 जुलैला नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने स्थगिती नाकारली. 16 जुलैला सोनीनेही कॉल ऑफ ड्यूटीच्या दहा वर्षांच्या करारावर सही केली.

पटावरचं प्यादं

यात झेनिमॅक्सचा मुद्दा राहिला. एफटीसीच्या तक्रारीतला तो सर्वांत झोंबरा आरोप होता: बेथेस्डा या गेम कंपनीची मालक झेनिमॅक्स 7.5 अब्ज डॉलरला घेताना मायक्रोसॉफ्टने युरोपला सांगितलं की गेम अडवून ठेवण्यात आम्हाला हित नाही, आणि नंतर स्टारफिल्ड, रेडफॉल हे तिचे गेम प्लेस्टेशनला दिलेच नाहीत. अशा माणसाच्या दहा वर्षांच्या शब्दावर विश्वास का ठेवायचा?

तळटीप

आरोप झोंबरा होता, टिकला नाही. मार्च 2021 ची झेनिमॅक्सची मंजुरी बिनशर्त होती. त्या विधानांवर आपण निर्णय बेतलाच नव्हता, असं युरोपीय आयोगाने नंतर स्पष्ट केलं. स्टारफिल्ड न आल्याने प्लेस्टेशन मरत नाही, एवढंच आयोगाचं मूळ गणित.

पण यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तपासात कंपनीने "आमचा असा इरादा नाही" म्हणणं आणि मंजुरीच्या आदेशात अट म्हणून लिहिलं जाणं यात जमीन-अस्मानाचा फरक. पहिलं मोडलं तर टीका होते, दुसरं मोडलं तर दंड होतो आणि मंजुरीही जाऊ शकते. ॲक्टिव्हिजनच्या वेळी सगळे करार सहीशिक्क्याचे करून घ्यायची घाई का होती, ते यावरून कळेल.

सदाशिवपेठी

सगळं वाचलं. तरी माझा मूळ प्रश्न तसाच. अमेरिकेत कोर्ट जिंकलं, युरोपने परवानगी दिली, सोनीची सही झाली, म्हणून ब्रिटनने माघार घेतली. याला दबाव नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

तळटीप

आता मुद्द्यावर आलात. जरा लांबण लागेल.

सीएमएच्या निर्णयावर अपील होतं ते स्पर्धा अपील न्यायाधिकरणाकडे. मायक्रोसॉफ्टने ते मे 2023 मध्ये केलं. पण हे अपील गुणवत्तेवर नसतं. "आमच्या मते क्लाउडला धोका नाही" असं न्यायाधिकरण म्हणू शकत नाही. निर्णय घेताना सीएमए अतार्किक वागली का, प्रक्रिया चुकली का, एवढंच बघायचं. जिंकलं तरी प्रकरण परत सीएमएकडेच येणार. म्हणजे अपीलातून व्यवहार वाचवणं ब्रिटिश कायद्यात जवळजवळ अशक्य. मायक्रोसॉफ्टच्या वकिलांना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार.

11 जुलैला अमेरिकेचा निकाल जाहीर झाला त्याच दिवशी दोन्ही पक्षांनी मिळून सुनावणी थांबवण्याची विनंती केली. इथपर्यंत तुमचं म्हणणं खरं वाटतं. ॲक्टिव्हिजनबरोबरची मुदतही 18 ऑक्टोबरपर्यंत वाढली. त्या वाढीची किंमत म्हणून ब्रेक फी 29 ऑगस्टनंतर 3.5 आणि 15 सप्टेंबरनंतर 4.5 अब्ज डॉलर झाली, शिवाय ॲक्टिव्हिजनच्या भागधारकांना शेअरमागे 0.99 डॉलर लाभांश.

मायक्रोसॉफ्टने आधी सीएमएला सांगून पाहिलं की युरोपच्या अटींमुळे परिस्थिती बदलली आहे, तेव्हा तोच व्यवहार मान्य करा. सीएमएने ते फेटाळलं. 22 ऑगस्ट 2023 ला तिने मूळ व्यवहारावर अंतिम मनाई आदेश काढला. जानेवारी 2022 मध्ये जाहीर झालेला व्यवहार ब्रिटनने कधीच मान्य केला नाही, तो आजही मनाईखालीच आहे.

त्याच दिवशी दुसरा, वेगळा व्यवहार दाखल झाला आणि त्याचा तपास पहिल्या टप्प्यापासून नव्याने सुरू झाला. या नव्या व्यवहारात ॲक्टिव्हिजनचे क्लाउड हक्क मायक्रोसॉफ्टकडे येतच नाहीत. युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेर, आत्ताच्या आणि पुढच्या 15 वर्षांत निघणाऱ्या सगळ्या ॲक्टिव्हिजन गेमचे पीसी-कंसोल क्लाउड हक्क युबिसॉफ्टला, कायमचे. युबिसॉफ्टने एकरकमी पैसे द्यायचे आणि पुढे घाऊक दराने, त्यात वापरानुसार आकारणीचाही पर्याय. युबिसॉफ्ट ते हक्क मायक्रोसॉफ्टसह कोणालाही देऊ शकते, सदस्यत्व सेवा काढू शकते, आणि विंडोजशिवाय दुसऱ्या प्रणालीवर चालणारी आवृत्ती मायक्रोसॉफ्टकडून मागू शकते.

आता सीएमएच्या एप्रिलमधल्या तीन हरकती परत वाचा. सदस्यत्व, विंडोज, देखरेख. तिन्हींचं उत्तर यात आहे. 22 सप्टेंबरला सीएमएने "उरलेली शंका" म्हणून अंमलबजावणीची हमीही मागून घेतली: युबिसॉफ्टबरोबरच्या अटी मोडल्या तर सीएमए स्वतः कारवाई करू शकेल. 13 ऑक्टोबरला मंजुरी आणि त्याच दिवशी व्यवहार पूर्ण. मुदतीला पाच दिवस शिल्लक.

दबाव होता, पण नमलं कोण ते कागदावर बघा. ज्या हक्कांवरून सीएमएने व्यवहार अडवला, नेमके तेच हक्क सोडून मायक्रोसॉफ्ट आत आली.

सदाशिवपेठी

मूळ व्यवहार अजून मनाईखाली आहे हे माहीत नव्हतं. पण युबिसॉफ्टच का? त्यांचीच आर्थिक ओढाताण चाललेली. ॲमेझॉन किंवा एन्व्हिडियाला का नाही?

पटावरचं प्यादं

एन्व्हिडियाची जीफोर्स नाऊ म्हणजे स्वतःच क्लाउड सेवा. तिला एकहाती हक्क दिले तर अडवणुकीचा प्रश्न फक्त पत्ता बदलतो. युबिसॉफ्ट मुळात प्रकाशक. हक्क सगळ्यांना विकण्यात तिचं हित. पण तुमची शंका अगदीच गैरलागू नाही. हक्क घेणारा अशक्त असेल तर तो ते जोमाने विकेल का, हा अशा विभाजनातला नेहमीचा कच्चा दुवा. कागदावरची रचना घट्ट आहे. क्लाउडचा बाजार त्यामुळे फुलला असं मात्र मला दिसत नाही.

मीनल_के

मग भारतात क्लाउडवरून ॲक्टिव्हिजनचा गेम खेळायचा तर हक्क युबिसॉफ्टचा?

तळटीप

बरोबर. "युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेर" म्हणजे ब्रिटन, अमेरिका, भारत सगळं आलं. ब्रिटनच्या एका नियामकाच्या हरकतीने आपल्याकडचे हक्कही हलले. युरोपात युबिसॉफ्टला बिनएकाधिकाराचा परवाना आहे (म्हणजे तो इतरांनाही मिळू शकतो), कारण तिथे आयोगाच्या फुकट परवान्याची अट आधीच लागू होती. मुदतीही वेगळ्या: युरोपची हमी ऑक्टोबर 2033 ला संपते. युबिसॉफ्टच्या करारात मात्र ऑक्टोबर 2038 पर्यंत निघालेल्या गेमचे हक्क कायमचे.

अवांतर: युबिसॉफ्टचा एक स्टुडिओ पुण्यात आहे, पण या हक्कांशी त्याचा काही संबंध नाही. कोणीतरी विचारणारच होतं.

फ्रेमरेट

मंजुरीनंतर ग्राहकाला काय मिळालं तेही लिहा की. जानेवारी 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या गेमिंग विभागातून 1,900 जणांना काढलं. जुलै 2024 मध्ये गेम पास महागला, ऑक्टोबर 2025 मध्ये अमेरिकेत अल्टिमेट 19.99 वरून थेट 29.99 डॉलर. कुठल्या अटीत हे अडवलं होतं?

कलम सात

कुठल्याच नाही. अटी फक्त सिद्ध झालेल्या हानीपुरत्या असतात. ब्रुसेल्स आणि लंडन दोघांनी हानी क्लाउडमध्ये पाहिली, म्हणून अटी क्लाउडच्या. गेम पासच्या किमतीवर कोणी बंधन घातलं नाही. नोकरकपात आणि पहिली दरवाढ एफटीसीने अपील न्यायालयाच्या नजरेला आणून दिली होती, उपयोग झाला नाही. 7 मे 2025 ला नवव्या सर्किटने कॉर्ली यांचा निकाल कायम केला आणि त्याच महिन्यात एफटीसीने आपली प्रशासकीय तक्रारही मागे घेतली. अमेरिकेतलं प्रकरण तिथे बंद.

माझं वैयक्तिक मत असं की एफटीसीने चुकीचा घोडा दौडवला. कंसोल आणि कॉल ऑफ ड्यूटी हा मथळ्याचा मुद्दा होता. सदस्यत्वाच्या बाजारावर पुरावे खणले असते तर आज फ्रेमरेट विचारताहेत त्या प्रश्नाच्या जवळ तरी पोचले असते.

अर्धा_डॉलर

ज्यांना मूळ कागद वाचायचेत त्यांच्यासाठी. युरोपचा प्रकरण क्रमांक एम.10646. सीएमएच्या अहवालात जिथे कात्रीचं चिन्ह दिसेल तिथे गोपनीय मजकूर कापलेला आहे; चौकटी कंसातले [60-70] सारखे आकडे म्हणजे नेमका आकडा झाकून दिलेला पट्टा, त्याची सरासरी काढून गणितं करू नका. "अंतरिम निष्कर्ष" म्हणजे निकाल नव्हे. याच प्रकरणात ते सहा आठवड्यांत अर्धे उलटले. आणि विलीनीकरणाचा करार वाचताना चार गोष्टी आधी शोधा: शेवटची तारीख, ती आपोआप वाढते का, कोणत्या देशांच्या मंजुऱ्या पूर्वअट म्हणून नावानिशी लिहिल्यात, आणि नियामकाने मागितलं तर खरेदीदाराने किती सोडायचं याची मर्यादा. बातमीत यातलं एकही नसतं.

झाकणंही कधी फसतात म्हणा. जून 2023 च्या सुनावणीत सोनीच्या कागदांवर काळ्या मार्करने आकडे झाकले आणि स्कॅन केल्यावर खालचं वाचता येत होतं. द लास्ट ऑफ अस भाग 2 चा सुमारे 220 दशलक्ष डॉलर खर्च जगाला असा कळला.

धूमकेतू

असा व्यवहार आज झाला तर आपल्या स्पर्धा आयोगाकडे यावा लागेल का?

कलम सात

पूर्वी फक्त मालमत्ता आणि उलाढालीचे उंबरठे होते. विकल्या जाणाऱ्या कंपनीची भारतातली मालमत्ता किंवा उलाढाल छोटी असली की व्यवहार कितीही मोठा असो, सूट मिळायची. आता ती मर्यादा 450 कोटी रुपये मालमत्ता किंवा 1,250 कोटी उलाढाल आहे. गेम कंपन्यांची भारतातली उलाढाल बघता बहुतेक जण या सुटीत बसायचे.

10 सप्टेंबर 2024 पासून व्यवहारमूल्याचा उंबरठा लागू झाला. एकूण मूल्य 2,000 कोटी रुपयांच्या वर आणि विकल्या जाणाऱ्या कंपनीचा भारतात "लक्षणीय व्यवसाय", या दोन्ही गोष्टी असतील तर वरची सूट चालत नाही. डिजिटल सेवेसाठी लक्षणीय म्हणजे जगातल्या वापरकर्त्यांपैकी 10 टक्के भारतात, किंवा जागतिक उलाढालीच्या 10 टक्के इथून. इतर धंद्यांना 10 टक्क्यांबरोबर 500 कोटींचीही अट आहे, डिजिटलला ती नाही. 68.7 अब्ज डॉलर 2,000 कोटींच्या कितीतरी पलीकडे, तेव्हा सगळं 10 टक्क्यांवर ठरणार. पैशात भारताचा वाटा तेवढा भरणं कठीण. पण फुकट मोबाइल गेमच्या खेळाडूंची डोकी मोजली तर चित्र पालटू शकतं. मंजुरीची कमाल मुदतही 210 वरून 150 दिवसांवर आली आहे.

सदाशिवपेठी

आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचं? तिथेही हीच कसरत?

तळटीप

नाही, तो वेगळा प्राणी. सप्टेंबर 2025 मध्ये जाहीर झालेला 55 अब्ज डॉलरचा व्यवहार, शेअरला 210 डॉलर. घेणारे सौदीचा सार्वजनिक गुंतवणूक निधी, सिल्व्हर लेक आणि ॲफिनिटी पार्टनर्स. यांच्यापैकी कोणाकडे कंसोल नाही की विंडोज नाही, त्यामुळे "माल अडवतील" हा मुद्दा जवळपास गैरलागू. तिथले प्रश्न म्हणजे परकी सरकारचा पैसा, खेळाडूंची माहिती कोणाच्या हाती जाते, आणि व्यवहारासाठी काढलेलं 20 अब्ज डॉलरचं कर्ज कंपनी कुठून फेडणार. शेवटचा कुठल्याच स्पर्धा नियामकाच्या कक्षेत येत नाही.

युरोपात मात्र एक नवा दरवाजा आहे: परकी अनुदान नियमावली. विकत घेतल्या जाणाऱ्या कंपनीची युरोपीय संघातली उलाढाल किमान 50 कोटी युरो, आणि गुंतलेल्या पक्षांना तीन वर्षांत बिगर-युरोपीय सरकारांकडून मिळालेलं आर्थिक साहाय्य 5 कोटी युरोंहून जास्त असेल, तर आधी आयोगाला कळवणं सक्तीचं. ही सक्ती 12 ऑक्टोबर 2023 पासून सुरू झाली, म्हणजे ॲक्टिव्हिजनचा व्यवहार पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी. सरकारी निधीने केलेली खरेदी असेल तर स्पर्धेच्या फायलीआधी ही फाइल उघडून बघा.